काळजी घेणाऱ्यांची काळजी कोण घेणार?

सकाळी आठच्या सुमारास करी रोड स्टेशनच्या जिन्यावर उभं राहिलं, की कामावर निघालेल्या गर्दीत काही माणसं वेगळी ओळखू येतात. एका हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी आणि खांद्यावर भार टाकलेला आजारी माणूस. कोणी जळगावहून आलेलं, कोणी लातूरहून, कोणी पार बिहारमधून. टाटा, केईएम, वाडिया ही मोठी हॉस्पिटलं आमच्या हाकेच्या अंतरावर. पेशंटला निदान नंबर मिळतो, केसपेपर मिळतो. पण त्याच्याबरोबर आलेल्या बायकोला, आईला, सुनेला काय मिळतं? फुटपाथवरची सावली!

मे २०२१ मध्ये म्हाडाने आमच्याच करी रोडच्या सुखकर्ता-विघ्नहर्ता इमारतींमधली १०० घरं टाटा हॉस्पिटलकडे देण्याचं ठरवलं. कॅन्सरच्या पेशंटच्या नातेवाइकांची राहायची सोय व्हावी, हा हेतू. रहिवाशांनी हरकत घेतली. जूनमध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि लगेच भोईवाड्याजवळ, बॉम्बे डाइंगच्या आवारातली १०० घरं द्यायचा निर्णय झाला. त्या वादात कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, हे मला इथे सांगायचं नाही. पण एक झालं. पेशंटबरोबर येणाऱ्या माणसालाही पाठ टेकायला जागा लागते, हे पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने बोललं गेलं.

खरं तर हे काम आमच्या भागात संस्था फार आधीपासून करत आहेत. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, भोईवाड्यातला हरखचंद सावला यांचा जीवन ज्योत ट्रस्ट. कुठे राहायची सोय, कुठे जेवणाची, कुठे औषधांची. देणगीदारांच्या नावांच्या पाट्या आपण वाचतो. पण खोलीचं भाडं किती ठेवायचं, कोणाला आधी द्यायची, रात्री दोन वाजता आलेल्या बाईला दार उघडायचं की नाही, हे ठरवणारी माणसं पाटीवर दिसतातच असं नाही. ही माणसं म्हणजे विश्वस्त, आपल्या बोलीत ट्रस्टी. संस्था चांगली की वाईट, हे इमारतीपेक्षा यांच्यावरच ठरतं.

‘करणारी’ला नावच नव्हतं

मैत्रिणींनो, घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्या बाईला आपल्या भाषेत नावच नव्हतं. नर्सला नाव आहे, आयाला आहे. घरची बाई मात्र नुसती ‘करते’. ‘तिचंच काम आहे ते’ म्हटलं की विषय संपला. केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के बायका घरातल्या कोणाची तरी देखभाल करतात, पुरुषांपैकी २१.४ टक्के. बायकांची रोजची सरासरी १४० मिनिटं, पुरुषांची ७४. यात लेकरांचं करणंही आलं. पण अंथरुणाला खिळलेल्या सासूचं किंवा भ्रमिष्ट झालेल्या दिराचं करणं मिनिटांत कसं मोजायचं? रात्री एक कान जागाच असतो ना!

पुण्यात या बाईला नाव मिळालं. तिथल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन या संस्थेत आजारी माणसाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. पार्किन्सनच्या पेशंटचं पुण्यातलं मित्रमंडळही हेच शब्द वापरतं. किती नेटके शब्द! ‘वेड्याची बायको’ ऐकून ऐकून खाली गेलेली मान ‘शुभंकर’ म्हटल्यावर जरा वर होते.

ही संस्था १९९७ मध्ये सुरू केली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी. मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरीच्या विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. म्हणजे त्यांनी हा आजार पुस्तकात नव्हे, स्वतःच्या घरात पाहिला होता. २००४ मधला ‘देवराई’ सिनेमा आठवतो? भावाच्या आजारपणाने होरपळणारी, तरी त्याला न सोडणारी बहीण सोनाली कुलकर्णीने केली होती. त्या सिनेमामागेही वाणींचाच आधार होता. २०१७ मध्ये ते गेले, पण संस्था थांबली नाही. पुढे तिचं अध्यक्षपद सांभाळणारे अमृत बक्षी हेही शुभंकरच, आजारी मुलीचे वडील.

साता समुद्रापलीकडेही असंच घडलेलं आहे. इंग्लंडमध्ये मेरी वेबस्टर नावाच्या बाई चर्चमध्ये धर्मोपदेशक होत्या. आईवडिलांचं करण्यासाठी त्यांना १९५४ मध्ये ते काम सोडावं लागलं. १९६३ मध्ये त्यांनी आपल्यासारख्या एकट्या लेकींची अवस्था वर्तमानपत्रातून मांडली. ‘माझंही असंच आहे’ म्हणणाऱ्या बायका पुढे आल्या आणि १९६५ मध्ये संस्था उभी राहिली. आज तिथे ‘केअरर्स यूके’ ही मोठी संस्था आहे, तिचं मूळ यात आहे. म्हणतात ना, ज्याचं जळतं त्यालाच कळतं!

खुर्चीवर कोण बसलंय?

आमच्या चाळीतल्या एका काकूंनी सासूबाईंचं नऊ वर्षं अंथरुणातलं केलं. एका ट्रस्टने व्हीलचेअर द्यायचं कबूल केलं. मग निरोप आला, ‘कार्यक्रमाला या, स्टेजवर देऊ, आजींना घेऊन या.’ ज्या आजींना कूस बदलता येत नव्हती, त्यांना फोटोसाठी स्टेजवर न्यायचं! काकूंनी हात जोडले. ट्रस्टी मंडळी वाईट नव्हती हो. फक्त त्यांच्यापैकी कोणी कधी कोणाचं दुखणं काढलेलं नव्हतं. त्या टेबलाभोवती अशी एक जरी बाई असती, तरी तिने म्हटलं असतं, ‘खुर्ची नको, रोज दोन तास बसायला माणूस द्या. म्हणजे तिला आंघोळ तरी सावकाश करता येईल.’

पण इथेच खरी अडचण आहे. जिला सगळं कळतं तिला मीटिंगला यायला वेळ नाही, आणि ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांना कळत नाही. यातून वाट निघते ती अशी. जिचं करणं संपलंय, म्हणजे तिचं माणूस बरं झालंय किंवा देवाघरी गेलंय, तिला ट्रस्टी म्हणून घ्यावं. अशा बाईचे हात अचानक रिकामे होतात आणि ते रिकामपण खायला उठतं. तिच्यापाशी अनुभव असतो, आणि आता वेळही असतो. तिच्या जोडीला निदान एकदोन जणी आज करत असलेल्याही हव्यात. त्यांच्यासाठी मीटिंग दुपारी दोन ते चारमध्ये ठेवावी, तेवढा वेळ त्यांच्या घरी कोणीतरी बसावं, रिक्षाचं भाडं संस्थेने द्यावं. यात उपकार कसला? संस्था त्यांच्यासाठीच तर आहे.

नुसती सही करू नका

आता जरा कागदांचं बोलू. आपल्याकडे असे ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवतात. मुंबईत हे ऑफिस वरळीला आहे, जिल्ह्याजिल्ह्यांतही आहे. ट्रस्टींची नावं, मालमत्ता यांची तिथे नोंद असते. ट्रस्टी बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हिशेब ठेवून तपासून घ्यावे लागतात. संस्थेच्या पैशाची जबाबदारी सगळ्या ट्रस्टींवर असते, फक्त अध्यक्षांवर नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या गावोगावी ‘ताई, तुमचं फक्त नाव हवंय, इथे सही करा’ म्हणून कितीतरी बायका ट्रस्टी होतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! सही करण्याआधी घटना, म्हणजे संस्थेची नियमावली, वाचायला मागा. बँकेचं पासबुक दर मीटिंगला टेबलावर ठेवायला सांगा. चेकवर एकाची नाही, दोघांची सही असू दे. मदत घेणाऱ्या बाईचं नाव, फोटो तिला विचारल्याशिवाय छापू नका. आणि एकच माणूस वीस वीस वर्षं अध्यक्ष असेल, तर पुढची फळी कोण, हे विचारायला लाजू नका.

संस्था नोंदवायची घाई मात्र करू नका. सोसायटी म्हणून नोंदवायला सात जणी लागतात. पण सुरुवातीला तीन जणीही पुरे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी ओटीवर, नाहीतर देवळाच्या सभामंडपात जमा. डायपर कुठे स्वस्त मिळतात, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, सरकारी दवाखान्यात कोणत्या वारी जायचं, एवढं बोललात तरी जड डोकं हलकं होतं. आणि ‘मला कधी कधी त्यांचा राग येतो गं’ हे वाक्यही तिथे बोलता आलं पाहिजे. त्यावर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प न करणारी बाई तुमच्यात असेल, तर तिला हेरून ठेवा. उद्या संस्था नोंदवाल, तेव्हा पहिली ट्रस्टी तीच करा.

आणि हो, तुमच्या गल्लीत आज असं कोण एकटीने करतंय, ते आठवून पाहा. ‘पेशंट कसा आहे?’ हे तिला सगळेच विचारतात. तुम्ही एवढंच विचारा, ‘तू कशी आहेस? आज जेवलीस का?’