२४९ व्या दुव्याचं अक्षर

रे रोड स्टेशनातून पूर्वेला उतरलं की दारूखान्यातलं भंगार लोखंड, लाकडाच्या वखारी आणि बंदराची जुनी गोदामं लागतात. माल आत भरलेला असतोच. आज कोणतं गोदाम उघडायचं ते मुकादम ठरवतो. आपल्या यकृताच्या पेशीतही हाच कारभार चालतो. तिथे जवळपास २०,००० जनुकं भरलेली असतात, अगदी डोळ्याची आणि मेंदूचीसुद्धा. त्यांतली कोणती चालू ठेवायची आणि कोणती बंद, हे डीएनएला चिकटणारी सुमारे १,६०० प्रथिनं ठरवतात.

त्यांतलं एक पी-५३. डीएनएला इजा झाली की पेशीचं विभाजन रोखणारी जनुकं ते चालू करतं; इजा भरून येण्यासारखी नसेल, तर पेशीला मरायला लावणारीसुद्धा. एरवी पेशी हे प्रथिन बनवते आणि थोड्याच मिनिटांत मोडूनही टाकते. इतका त्याचा धाक!

हे प्रथिन निकामी कसं होतं ते पाहायला आता शेंगदाण्याकडे येऊ. १९६० मध्ये इंग्लंडात सुमारे एक लाख टर्की पक्षी पटापट मेले. खाद्यातली शेंगदाण्याची पेंड ब्राझीलहून बोटीने आलेली होती आणि तिला बुरशी लागलेली होती. त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात ते बुरसटलेल्या मक्यातून पोटात गेलं आणि शंभरावर माणसं दगावली. थोडंथोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर ते यकृताच्या कॅन्सरची वाट धरतं.

कसं, ते थक्क करणारं आहे. यकृत हे विष मोडायला घेतं आणि त्या खटपटीत स्वतःच ते अधिक जहाल करून ठेवतं. ते जहाल रूप डीएनएतल्या 'जी' या अक्षराला चिकटतं आणि नक्कल करताना तिथे 'टी' उमटतो. १९९१ मध्ये चीन आणि दक्षिण आफ्रिकेकडच्या रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा पी-५३ च्या जनुकात अनेकदा नेमका हाच फेरफार सापडला, तोही बहुतेक वेळा एकाच जागी. या प्रथिनाच्या ३९३ अमिनो आम्लांच्या दुव्यांपैकी २४९ वा दुवा बदलतो, आर्जिनिनच्या जागी सेरीन येतं. तेवढ्याने घडण बिघडते आणि पी-५३ ची डीएनएवरची पकड सुटते. तीन अब्ज अक्षरांतलं एक अक्षर!

पुढे गाठ वाढताना एचएनएफ-४ अल्फा हे प्रथिनही बऱ्याचदा मागे पडतं. पेशीला यकृताची पेशी म्हणून राखणारं हेच. ते ओसरलं की पेशी आपलं नेमून दिलेलं काम सोडून नुसती वाढत सुटते. कधी कधी तर गर्भात चालू असलेलं आणि जन्मानंतर बंद झालेलं एएफपी या प्रथिनाचं जनुक पुन्हा जागं होतं. रे रोडहून जवळच, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये यकृताच्या कॅन्सरचा संशय असला की रक्तात हेच एएफपी मोजतात. सगळ्याच रुग्णांत ते वाढत नाही, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर विसंबू नये.

यकृताला ग्रासणारा हिपॅटायटिस-बीचा विषाणू आणि अफ्लाटॉक्सिन एकत्र आले की या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो. तेव्हा बुरसटलेले, काळवंडलेले शेंगदाणे सरळ फेकून द्या. भाजून ते विष पुरतं जात नाही. आणि घरात बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत हिपॅटायटिस-बीची लस द्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.