हिल्डेगार्डची ‘अज्ञात भाषा’ : ध्वनि, शब्द व व्याकरण

जुन्या बाडांत अपरिचित शब्दांची यादी आढळली कीं संग्राहकापुढें प्रश्न उभा राहतो : हें केवळ गूढलेखन, कीं कोणीं बुद्धिपुरस्सर रचलेली भाषा? असा निर्णय कोणत्या पुराव्यानें करावा, हें दाखविणारें एक उदाहरण जर्मनींत आहे. तें वाचकांपुढें ठेवणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

ऱ्हाइन नदीकांठच्या बिंगेन गांवाजवळ हिल्डेगार्ड (इ. स. १०९८–११७९) ही एका ख्रिस्ती मठाची अधिष्ठात्री होती. तिनें स्वतः निर्मिलेल्या १०११ शब्दांची यादी लॅटिन व जर्मन अर्थांसह दोन पोथ्यांत उपलब्ध आहे; एक वीस्बाडेन येथें, दुसरी बर्लिन येथें. ह्या भाषेस तिनें ‘लिंग्वा इग्नोता’, म्हणजे अज्ञात भाषा, असें नांव दिलें. शिवाय २३ निराळीं अक्षरेंही योजिलीं. वीस्बाडेनची पोथी वजनानें सुमारें १५ किलो भरते. दुसऱ्या महायुद्धांत ती ड्रेस्डेन येथें एका बँकेच्या तळघरांत ठेविली होती. १९४५ च्या बाँबवर्षावांतून ती वांचली व १९४८ सालीं स्वस्थानीं परतली. तिच्यासह नेलेली हिल्डेगार्डच्याच एका ग्रंथाची सचित्र प्रत मात्र कायमची नाहींशी झाली.

प्रथम ध्वनींचा विचार करूं. ह्या शब्दांत ‘त्स’ ह्या ध्वनीचें प्राबल्य आहे (मूळ अक्षर येथें जर्मन रीतीनें वाचलें आहे). ईश्वर ‘आइगोन्त्स’, सैतान ‘दिवेलित्स’, पिता ‘पेवेरित्स’, माता ‘माइत्स’. शेवटच्या तीन शब्दांत परिचित युरोपीय शब्दांची छाया स्पष्ट दिसते. कल्पकाची जीभ आपल्या मातृभाषेपासून सर्वस्वी सुटत नाहीं, हेंच ह्यावरून ध्यानांत येतें.

शब्दघटना याहून उद्बोधक आहे. सावत्र बाप ‘हिल्त्सपेवेरित्स’ व सावत्र आई ‘हिल्त्समाइत्स’. म्हणजे ‘हिल्त्स’ हें पूर्वपद नियमानें सावत्रपणा दाखवितें. त्याचप्रमाणें ‘फात्सुर’ म्हणजे आजा आणि ‘कुल्त्सफात्सुर’ म्हणजे दूरचा पूर्वज. संस्कृतज्ञांस येथें समासाचें स्मरण झाल्याशिवाय राहणार नाहीं.

परंतु व्याकरण? यादींत बहुतेक नामेंच आहेत. क्रियापदांची रूपावली नाहीं. ह्या शब्दांचा वाक्यांत उपयोग दाखविणारें एकच लहानसें धर्मसंस्थास्तुतिपर गीत टिकलें आहे. त्यांतील पांचच शब्द अज्ञात भाषेचे, बाकी लॅटिन. त्या पांचांपैकीं यादींत सांपडतो तो एकटा ‘लोइफोल’, म्हणजे लोक. गीतांत त्याचें रूप ‘लोइफोलुम’ असें आहे. अंतीं लागलेला ‘उम्’ हा लॅटिन षष्ठी-बहुवचनाचा प्रत्यय होय. प्रातिपदिक नवें, विभक्ति जुनी! उपलब्ध पुराव्यापुरतें पाहतां हें स्वतंत्र भाषेपेक्षां लॅटिनच्या सांगाड्यावर चढविलेलें नवें नामभांडार ठरतें.

आपल्याकडील दोन उदाहरणांशीं हें ताडून पाहावें. महानुभावांच्या सकळ लिपींत अक्षरें बदललीं, भाषा मराठीच राहिली. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रचलेल्या राजव्यवहारकोशांत फारसी नामांच्या जागीं संस्कृत नामें आलीं. हिल्डेगार्डनें नामें व अक्षरें दोन्ही नवीं केलीं, प्रत्यय मात्र उसने घेतले. तेव्हां परीक्षेचा क्रम अक्षर, प्रातिपदिक, प्रत्यय असा असावा. आणि प्रत्यय पाहिल्यावांचून ‘नवी भाषा सांपडली’ असें जाहीर करूं नये.

तथापि नुसती यादी म्हणून तिची उपेक्षाही होऊं नये. ही यादी ईश्वर व देवदूतांपासून आरंभ करून मनुष्य, नातीं, अवयव, वृक्ष, पक्षी असें उतरत क्षुद्र कीटकापाशीं संपते. अमरकोशाचा आरंभ स्वर्गवर्गानें होतो, हें येथें आठवावें. अशा रचनेंत क्रम हाच अर्थ असतो. तो मोडून वर्णानुक्रम लावणारा संपादक कर्त्याचें जगच पुसून टाकतो.

शेवटीं संग्राहकांस एकच विनंति. यादीबाहेरचें तें लहानसें गीत हरवलें असतें, तर ह्या शब्दांस कोणती विभक्ति लागे हें कधींच कळलें नसतें. म्हणून दुर्बोध शब्दांचें पान हातीं आलें असतां त्याच्या शेजारचीं पानें निरुपयोगी समजून वेगळीं करूं नयेत. व्याकरण कदाचित् त्यांतच असेल.