रिमचा जुना रंग काढताना

रायपूरजवळच्या उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ चाकांवर कशी बसते, हे भनपुरीकरांना वेगळं सांगायला नको. रिम नव्याने रंगवायची असेल तर आधी चुंबक लावा. चिकटला तर लोखंडी, नाहीतर अलॉय. लोखंडी रिम बिनधास्त ब्लास्टिंगला द्या, पण प्रायमर त्याच दिवशी मारा; पावसाळ्यात उघड्या लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही.

अलॉयवर कॉस्टिक सोडा अजिबात नको. तो रंगाबरोबर ॲल्युमिनियमही खातो, वर हायड्रोजन सुटतो. रंग जाळून काढायचा सल्लाही कानाआड करा. जास्त तापलं की अलॉयची ताकद जाते. टायर उतरवा, पेंट रिमूव्हरचा जाड थर द्या, वर प्लास्टिक गुंडाळा. थोड्या वेळाने रंगाला सुरकुत्या पडून पोपडे सुटतात (बघायला भारी वाटतं!). ते प्लास्टिकच्या पट्टीनेच खरवडा. पावडर कोटिंग चिवट, त्यावर रिमूव्हर पुन्हा पुन्हा लावावा लागतो.

डबा घेताना लेबल वाचा. काही रिमूव्हरमध्ये मेथिलीन क्लोराइड असतं; त्याच्या वाफेने बंद जागेत माणसं दगावली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये असल्या रिमूव्हरची घरगुती ग्राहकांना विक्री बंद केली. हातमोजे, चष्मा आणि काम उघड्यावर.

आणि नव्या रंगाचा जाड थर नटच्या बैठकीवर नको. तो दबला की नट सैल होतात.