पन्हाळ्याचं धान्यकोठार

कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर पन्हाळगड आहे. गड म्हटला की आपल्याला तट, बुरूज आणि तोफा आठवतात. पण नुसत्या दगडांवर गड टिकतो काय? वेढा पडला म्हणजे आतल्या माणसांना दाणा हवा, पाणी हवं. पन्हाळ्याची हकिकत आपण याच नजरेनं पाहू.

हा गड मोक्याच्या जागी आहे. कोकणातल्या बंदरांचा माल घाट चढून देशावर येई. त्या वाटेवर इथून नजर ठेवता येई. म्हणून ज्याला हा मुलूख हवा, त्याला आधी पन्हाळा हवा. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज इथे राज्य करी. गड त्यानेच बांधला, असे मानतात. पुढे तो देवगिरीच्या यादवांकडे, मग बहामनींकडे आणि नंतर विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला.

गडाच्या आत आणखी एक गड होता. त्याला बालेकिल्ला म्हणतात. भोवती खंदक, आणि मधोमध अंबरखाना, म्हणजे धान्याची कोठारं. तीन इमारती आहेत. त्यांची नावं गंगा, यमुना आणि सरस्वती. सर्वांत मोठ्या गंगेत पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असे सांगतात. भिंती जाड, वर दगडी घुमट. बाजूच्या जिन्यानं छतावर जायचं आणि वरच्या भोकांतून धान्य आत ओतायचं.

पाण्याचीही अशीच काळजी घेतलेली. तीन दरवाजाजवळ अंधारबाव ही तीन मजली इमारत आहे. तळाला विहीर, मधल्या मजल्यात तटाबाहेर जाण्याची चोरवाट. शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून विहिरीवर इमारत आणि तिच्यावर पहारा.

हे सारं कामी आलं १६६० साली. शिवाजी महाराज गडावर होते. मार्च महिन्यात सिद्दी जौहरनं वेढा घातला. उन्हाळा गेला, पाऊस लागला, तरी तो उठेना. पण गडही पडला नाही. अखेर जुलैमधल्या एका रात्री भर पावसात महाराज विशाळगडाकडे निसटले. शिवा काशीद आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी त्यासाठी प्राण दिले. गड त्या वर्षी आदिलशाहीला द्यावा लागला. पण १६७३ साली कोंडाजी फर्जंदनं अवघ्या ६० गड्यांनिशी तो रातोरात परत घेतला. पुढे ताराबाईंनी इथूनच कारभार केला. नंतर राजधानी खाली कोल्हापुरास गेली.

आता तिसरी गोष्ट, माणूस. गड राखणाऱ्या शिबंदीला गडकरी म्हणत. गड राखावा आणि त्याबद्दल मिळालेली जमीन कसून पोट भरावं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. इंग्रजांच्या अमलात त्यांच्या जमिनींना धक्का लागला. १८४४ साली गडकरी उठले. इंग्रजांनी १ डिसेंबरला पन्हाळा घेतला आणि चार दरवाजा पाडून टाकला. आज तिथे थोडे अवशेषच दिसतात.

अंबरखाना मात्र उभा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदले, त्यांत पन्हाळा आहे. आता आपण तिथे जाऊ तेव्हा कोठाराच्या भिंतीवर खिळ्यानं नाव कोरू नये. मुलांना जिना दाखवावा, छतावरची भोकं दाखवावीत, आणि सांगावं, की खालच्या शेतकऱ्यानं पिकवलेला दाणा इथून आत पडे, म्हणून वरचा गड लढे.