ब्राह्मी-सुंदरीच्या लेकी

प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांनी आपल्या ब्राह्मी व सुंदरी या कन्यांना लिपी आणि अंकविद्या शिकविली, असे आदिपुराण सांगते. भगवान महावीरांच्या संघात १४,००० साधू होते, तर आर्या चंदनेच्या नेतृत्वाखाली ३६,००० साध्वी. हा वारसा आपण अभिमानाने मिरवतो.

२००१ च्या जनगणनेत देशातील जैन स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के, म्हणजे सर्व धर्मसमुदायांत सर्वाधिक होती. त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार जैन मुलांमागे मुली मात्र ८७० च होत्या. देशाची सरासरी होती ९२७. शिक्षणाने अक्षर आले, मुलीविषयीची दृष्टी बदललीच असे नाही.

भंडारा जिल्ह्यात २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. भाताची रोवणी येथे स्त्रियांच्याच हातांनी होते, विड्याही त्याच वळतात. तरीही मुलगी वयात आली की तिचा रंग, उंची, हसणे, घरी परतण्याची वेळ या साऱ्यांवर चारचौघे निवाडा देतात. मुलासाठी नागपूरचे वसतिगृह शोधले जाते, मुलीसाठी स्थळ.

जैन दर्शनात हिंसा मन, वचन, काया या तिन्हींनी घडते. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्यही कोवळे मन दुखावू शकते. क्षमावाणीच्या दिवशी सर्व जीवांची क्षमा मागताना आपल्या लेकीपासून आरंभ करावा.