पंचगंगेतील केंदाळ व काठावरील शेती

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा सिद्ध होते. पुढे कोल्हापूर व इचलकरंजी या शहरांजवळून वाहत ती नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. या वाटेवर शहरांचे सांडपाणी, कारखान्यांचे मैलयुक्त पाणी, गावोगावची गटारे आणि उसाच्या शेतांतून निथळणारे पाणी तिच्यात मिसळते. तेच पाणी काठावरील पंप उचलतात व ते पुन्हा शेतात आणि गावच्या टाकीत येते. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ पसरली होती, हे काठावरच्या लोकांच्या स्मरणात असेलच.

नदीच्या या दुखण्याची सर्वांत ठळक खूण म्हणजे केंदाळ. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती संथ व पोषक पाण्यात सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. पावसाळा सरल्यावर कोल्हापुरी बंधाऱ्यांत बरगे घातले की प्रवाह थांबतो, आणि सांडपाण्यातील व खतांतील नत्र व स्फुरद तिला आयतेच मिळतात. तिची जांभळी फुले पाहून कौतुक करणारेही आढळतात. परंतु तिच्या जाड थराखाली पाण्यास हवा व उजेड मिळत नाही, आणि ती कुजू लागली म्हणजे पाण्यातील प्राणवायू आणखी घटतो. मासे तडफडून वर येतात ते बहुधा याच सुमारास. तेरवाड बंधाऱ्याजवळ मृत माशांचे खच पडल्याचे प्रसंग एकाहून अधिक वेळा घडले आहेत.

दरवर्षी केंदाळ काढावे आणि दरवर्षी ते पुन्हा यावे, असा अनुभव असल्यास त्यात नवल नाही. त्याचे अन्न जोवर पाण्यात उतरत आहे तोवर नुसती काढणी अपुरीच पडणार. या अन्नाचा एक वाटा शेतकऱ्याच्या हाती आहे. सुरू उसास शिफारशीप्रमाणे हेक्टरी २५० किलो नत्र द्यावयाचे असते. ते एकदम न देता लागणीच्या वेळी १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४० टक्के, १२ ते १६ आठवड्यांनी १० टक्के व मोठ्या बांधणीच्या वेळी ४० टक्के असे विभागून द्यावे. खत मातीआड करावे आणि त्यानंतर पाटाने भरमसाट पाणी सोडू नये. खत वाहून गेले तर पैसाही नदीत जातो. अगदी काठापर्यंत नांगरट करण्याऐवजी तेथे गवताचा पट्टा राखणे इष्ट होय. फवारणीचे पंप ओढ्यात धुऊ नयेत. न्हाणीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे.

कारखान्याच्या पाण्याबाबत गावाने हतबल होण्याचे कारण नाही. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ पासून अस्तित्वात आहे. पाण्यास रंग वा दुर्गंधी येताच किंवा मासे मरताच ग्रामकार्यकर्त्यांनी तारीख, वेळ व जागा लिहून त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे. उशीर झाल्यास दूषित पाणी पुढे निघून जाते व नमुना मिळत नाही.

केंदाळ काढावयाचे ते फुलण्यापूर्वीच, कारण त्याचे बी चिखलात अनेक वर्षे जिवंत राहते. काढलेला ढीग काठावर सोडल्यास पहिल्या पुरात तो पुन्हा नदीत जातो. तो पूररेषेपलीकडे नेऊन तीन-चार दिवस सुकवावा, कारण या वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. नंतर उसाचे पाचट व शेण यांच्या थरांसह खड्डा भरावा व महिन्याने वर-खाली करावा. मात्र कारखान्याच्या नाल्याखालील केंदाळ मुळांत जड धातू साठवू शकते. त्याचे खत करून भाजीपाल्यास घालू नये. ते वेगळेच ठेवून त्याची विल्हेवाट ग्रामपंचायतीने मंडळाच्या सल्ल्याने लावावी.