काकतीचा धूर, सांबऱ्याचं धुकं

पहाटे ५.४५. जानेवारीत गच्चीवर गेलो की आधी काकतीच्या मार्कंडेय साखर कारखान्याच्या धुराड्याकडं बघतो. धूर थोडा वर जाऊन आडवा पसरला असेल, तर वर उबदार हवेचं झाकण बसलंय असं समजायचं. मग पाचट जाळल्याचा धूर, महामार्गाची धूळ, नदीकाठचं धुकं, सगळं एकाच थरात अडकतं. घरचे म्हणतात, "आपल्याकडं कुठं बर्फ पडतंय, एवढं काय बघायचं?" पडत नाही खरं, पण विमानाच्या इंजिनाच्या आत धरतं.

६.३०. सांबरा विमानतळ. ब्रिटिशांच्या हवाई दलानं १९४२ साली केलेला हा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. हवामानाच्या अहवालात मी आधी दोन आकडे बघतो. तापमान १४, दवबिंदू १३. एवढाच फरक असला की धुकं आलंच समजायचं आणि चहा मागवायचा.

७.२०. ऊन आलं. माझ्याकडं उडायला शिकणारा पोरगा म्हणाला, "सर, दिसतंय की आता!" थांब म्हटलं. पहिल्या उन्हानं जमिनीलगतची हवा ढवळते आणि धुकं कधीकधी उलट दाट होतं. पातळ धुक्यातून वरून सरळ खाली बघितलं तर धावपट्टी स्वच्छ दिसते. उतरताना मात्र तिरकं बघावं लागतं, आणि तीच धावपट्टी गायब होते. नजरेच्या भरवशावर उडायला किमान ५ किलोमीटर दिसायला हवं.

८.३०. पंखांवरचं दव पुसून घेतलं. टाकीच्या तळातून इंधन काढून उजेडात धरलं. आमचं इंधन निळसर असतं, पाणी असलं तर तळाशी बिनरंगी थेंब दिसतो. घाईत एक चूक होते: भांड्यात निव्वळ पाणीच आलं तर वेगळा थर दिसतच नाही, आणि माणूस 'स्वच्छ आहे' म्हणून मोकळा होतो. म्हणून रंग बघायचा, वासही घ्यायचा.

९.१५. उड्डाण. गार हवा दाट, त्यामुळं विमान खुशीत चढतं. मे महिन्यात पारा ३६ वर गेला की याच धावपट्टीवर ते साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं रडतं. ज्वारीवरून भोरड्यांचा थवा उठला, त्याला वाट दिली.

९.४०. काकती मागं टाकून महामार्गाच्या कडेकडेनं निपाणीकडं. इंजिनाचे फेरे हळूच उतरू लागले, कुणी हात न लावता. कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यात इंधनाची वाफ होताना तापमान २० अंशांहूनही जास्त घसरू शकतं. बाहेर १५ अंश आणि दमट हवा असली की आत बर्फ धरायला एवढं पुरतं. गरम हवेचा दांडा पूर्ण ओढायला लावला. इंजिन आणखीच खडखडलं आणि पोरानं घाबरून दांडा परत ढकलायला घेतला. "हात काढू नको!" वितळलेलं पाणी इंजिनात जातं, म्हणून ती खडखड. थोड्या वेळात फेरे जागेवर आले.

थंडी वाजते म्हणून हीटर लावला तरी खिडकीची फट उघडी ठेवतो. हीटरची हवा धुराच्या नळीभोवती तापते. नळीला चीर गेली की वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड आत येतो. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लिश खाडीत कोसळलेल्या छोट्या विमानातल्या फुटबॉलपटू एमिलियानो सालाच्या रक्तात तोच सापडला होता.

१०.०५. तवंदी घाटापलीकडं निपाणी धुरकट. कोल्हापूरपर्यंत जायचं ठरलं होतं, तिथूनच वळलो. पोरगा हिरमुसला. चालतंय.

दुपार नोंदवह्या आणि वर्गात गेली.

५.१५. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमाराला, म्हणून आजचं उडणं संपलं. रात्री रिकाम्या टाकीत दव धरतं, तेव्हा टाक्या संध्याकाळीच काठोकाठ भरायच्या. पण आमच्या सेसना १५२ चं कमाल वजन ७५७ किलो, आणि भरल्या टाकीवर दोन धिप्पाड माणसं बसत नाहीत. उद्याच्या विद्यार्थ्याला फोन करून वजन विचारलं. "८४, सर." दोन किलो त्यानं नक्की चोरलेत. सकाळी काट्यावर उभं करीन.